देऊळगाव राजाची पेठ: भावजयीला आणायला गेले, त्याची गोष्ट

खरं सांगते, ही सहल नव्हती, मोहीम होती. माझा धाकटा भाऊ नितीन पुण्यातलं बिऱ्हाड मोडून देऊळगाव राजाला राहायला गेला. कॉम्प्युटरचं काम काय, माडीवर बसूनही होतं. त्याची बायको माधवी मात्र पक्की पुणेकर. मध्यंतरी फोनवर रडली, "ताई, इथे माझं कुणीच नाही हो." झालं! मी बॅग भरली. दोघांना परत आणायचं, एवढंच डोक्यात. भाऊ जवळ असावा हा माझा स्वार्थही त्यात होता, तो कशाला लपवू?

जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. जालन्याहून गाड्या सारख्या असतात, तासाभरात पोचाल. बालाजीच्या यात्रेच्या दिवसांत जाणार असाल तर राहायची सोय आधी बघा.

पेठ पाहिली आणि माझ्या मोहिमेची हवाच गेली. हमरस्त्यावर नवी दुकानं झाली तेव्हा इथली निम्मी शटरं गंजून गेली होती म्हणे. आता बांगड्यांचं दुकान पुन्हा उघडलंय, जुन्या अडतीच्या जागेत एकाने झकास चहा सुरू केलाय, लाकडी फळ्या घासून तेल पाजून ठेवल्यात. मधेच माधवीचं शिवणाचं दुकान, तिथे ब्लाउजांचा हा ढीग! मागच्या बोळात जुनी घरं. दगडी जोती, सागवानी चौकटी, माडीला नक्षीचे कठडे. आणि सगळी नांदती! कठड्यावर गोधड्या वाळताहेत, आत कुकरच्या शिट्ट्या. चपला काढून नुसती बघायची जुनी घरं मला कधीच आवडली नाहीत, ही मात्र फार आवडली.

दुपारी खानावळीत भाकरी आणि पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा. दीडशे रुपयांत पोट तट्ट. रस्सा जपून घ्या, माझ्या डोळ्यांतून गंगा-यमुना वाहत होत्या. संध्याकाळी बालाजीचं दर्शन घेऊन येताना मी विषय काढला. माधवी म्हणाली, "उद्या बोलू, ताई."

सकाळी तेवढीच मदत म्हणून मी दारापुढे पाण्याचा सडा टाकला. पुणेरी हिशेबाने! आमच्या दाराची हद्द संपली तिथे हात थांबवला आणि आत येऊन चहा घेत बसले. तोच शेजारच्या शाहेदाभाभी दारात, चेहरा पार उतरलेला.

"ताई, माधवी नाराज हाय का मायावर?"

"छे! का हो?"

"मंग आमचं दार कोरडं काऊन ठेवलं?"

समोरच्या ओट्यावरून एक काकू ओरडल्या, "काय झालं वो? कालपर्यंत तं चांगलं होतं!"

तेव्हा उलगडा झाला. या बोळात जी आधी उठेल तिने शेजारणीच्या दारापुढेही पाणी शिंपायचं. शेजारचं दार कोरडं सोडलं, म्हणजे बोलणं बंद. मी आल्या आल्या भांडण लावून बसले होते!

माधवी ओल्या केसांनीच बाहेर धावली. बादली उचलून भाभींच्या दारापुढे सपासप पाणी मारलं.

"भाभी, ह्या पाहुण्या आहेत, यांना काय ठाऊक? मी नाराज असते तर तुम्हालेच आधी सांगितलं नसतं का?"

"या अल्ला! मले तं रडूच येऊन राह्यलं होतं," म्हणत भाभी मटकन ओट्यावर बसल्या आणि हसायलाच लागल्या. काकूंनी लगेच तिघींसाठी चहा टाकला.

जरा वेळाने मी तोंड उघडायच्या आत माधवीच म्हणाली, "फोन केला तेव्हा खरंच कुणी नव्हतं, ताई. मग मला ताप आला. भाभींनी आठवडाभर खिचडी आणून भरवली. मी नाही येणार आता."

मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. नितीनने एसटीत बसवून दिलं तेव्हा त्याच्याकडे नीट बघवेना.

घरी पोचले तर नवऱ्याने दार उघडलं आणि माझ्या पाठीमागे बघितलं. "एकटीच? तू समजावणार होतीस ना?"

"नाही जमलं," मी म्हटलं.

तुम्ही देऊळगाव राजाला जरूर जा. पेठेत हिंडा, जुनी घरं बघा, रस्सा खा. पण कुणाला परत आणायला जाणार असाल, तर तिथे मुक्काम करू नका.