ऊन कुठलं, आग कुठली

खराडीतल्या कंपनीत मला ज्वालामुखींचं काम मिळालं, तेव्हा घरात सगळे हसले. उपग्रहाने टिपलेली उष्णतेची चित्रं दाखवून, जमीन खरोखर आतून कुठे तापते आहे, ते संगणकाला ओळखायला शिकवायचं, असं ते काम होतं.

वडील मात्र हसले नाहीत. त्यांचं उभं आयुष्य एका कारखान्याच्या भट्टीवर गेलं होतं. लोखंडाचा नुसता रंग बघून ते तापमान सांगत. १९९० नंतर कारखान्यात मोजणारी यंत्रं आली आणि त्यांना मुदतीआधीच निवृत्ती घ्यावी लागली. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. त्यामुळे त्यांच्यासमोर माझ्या कामाचा विषय काढायला मला अवघडल्यासारखं व्हायचं.

आमचं मॉडेल, म्हणजे शिकवून तयार केलेला तो संगणकाचा प्रोग्रॅम, सारखे खोटे इशारे द्यायचं. थंड पडलेल्या डोंगरावरही त्याला आग दिसायची. एका रविवारी मी घरी त्यावर वैतागले होते, तर वडील चष्मा लावून शेजारी येऊन बसले. चित्रं किती वाजताची आहेत, असं त्यांनी विचारलं. बहुतेक दुपारची, मी म्हटलं.

"अगं, दुपारी आपली गच्चीसुद्धा तापते," ते म्हणाले. "पहाटेची बघ. ऊन असेल तर तोवर निवलेलं असेल. आतली आग निवत नाही."

हे आमच्या विषयात नवीन नव्हतं. पण हाताशी आली ती चित्रं घेऊन आम्ही घाईने कामाला लागलो होतो. मग एकाच डोंगराची दुपारची आणि पहाटेची चित्रं जोडीने लावून मॉडेलला पुन्हा शिकवलं. खोटे इशारे पुष्कळ कमी झाले.

घरी येऊन सांगितलं, तर वडिलांनी आधी विचारलं, त्या डोंगरांखाली गावं आहेत का. आहेत, मी म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"यंत्रांचा मला राग नव्हता गं," ते म्हणाले. "आम्हाला कुणी काही विचारलं नाही, एवढंच."

पहाटेच्या चित्रांची कल्पना कुणाची, ते दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या साहेबांनी त्यांना मुद्दाम ऑफिसात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, एसीसाठी वर स्वेटर, अशा थाटात ते दोन तास चित्रांवर आमच्याशी वाद घालत बसले. निघताना चहा कसा होता, असं साहेबांनी विचारलं.

"गरम होता," वडील म्हणाले.