सावलीतलं स्टूल

मोहरी-मिरचीचा ठसका लागला की मला भाटघर धरणाच्या पाण्याकाठी काढलेला एक फोटो आठवतो. तिथल्या शेतकऱ्याघरची मुलगी नोकरीसाठी पुण्याला निघाली होती आणि जाण्याआधी तिला हवेत तरंगतानाचा फोटो हवा होता. उतरत्या उन्हात मी तिला स्टुलावर बसवलं, तोंडावर उजेड यावा म्हणून बाभळीला फ्लॅश बांधला आणि फोटो घेतला. मग तिला नि स्टूल बाजूला करून नुसत्या काठाचा दुसरा घेतला. घरी कॉम्प्युटरवर दोन्ही जोडताना स्टूल पुसलं आणि उत्साहाच्या भरात गवतावरची सगळी सावलीही पुसली. प्रिंट बघून तिच्या आईचा चेहरा उतरला. मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन त्यांनी आधी त्या कागदाचीच दृष्ट काढली आणि सगळं चुलीत टाकलं. आम्ही खोकत असताना म्हणाल्या, "पाय भुईला न्हाईत, सावली न्हाई, असं माणूस असतं व्हय? लांब चाललीया पोर, तिची सावली तेवढी परत द्या." पण तिची आणि स्टुलाची सावली एकात एक मिसळलेली, वेगळी करायची सफाई तेव्हा माझ्याकडे नव्हती, म्हणून दोन्ही परत आणल्या. मुलगी हवेत आणि खाली गवतावर स्टुलाच्या पायांची सावली! मला लाज वाटली, त्यांनी मात्र तो फोटो भिंतीवर लावला. परवा गेलो तेव्हा म्हटलं, आता नीट करून देतो. "कशाला?" त्या म्हणाल्या, "स्टूल हाय न्हवं खाली, पडायची न्हाई ती."