नरहर मास्तर कुठे जेवले

जेवायला बसण्यापूर्वी नरहर मास्तर जरा वेळ नुसतेच उभे राहत. पानं मांडलेली, भातावर वरण पडलेलं, बाकीचे हात धुऊन बसलेले, आणि हे आपले उपरणं सावरत दाराशी. कोणी हाक मारली की म्हणत, "बसतो हो. जरा दमलोय." हा शब्द त्यांच्या तोंडी सकाळपासून असे. पहिल्या तासाला वर्गात शिरतानाही ते दमलेले असत. मुलं मागे हसत, पण त्यांच्या तासाला कधी गडबड करीत नसत. इतक्या थकलेल्या माणसाला आणखी त्रास काय द्यायचा, असं त्यांनाही वाटत असावं.

ते नाशकात आमचे शेजारी. थोरला भाऊ, दादा, गंगेवर उपाध्येपण करायचा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. बाहेरगावचे यजमान दादाच्या घरी उतरत, आणि घर त्यावरच चाले. मास्तर शाळेत गणित शिकवीत. एकोणीसशे तेहतीस-चौतीसच्या सुमारास त्यांना वर्षभर विलायतेत शिक्षणशास्त्र शिकायची संधी आली. मीही त्याच बोटीने छपाईचं काम शिकायला निघालो होतो. निघताना त्यांच्या आईने त्यांचा हात धरून एवढंच सांगितलं, "ज्या भांड्यात मांस शिजलं, त्यातलं खाऊ नको रे." मास्तर बरं म्हणाले. त्यांना ते फार सोपं वाटलं होतं.

बोटीवर सकाळच्या चहाचं आणि रात्रीच्या दुधाचं काही अडत नसे. अडे ते दुपारी. घंटा झाली की मास्तर खालच्या मोठ्या भोजनगृहात जात, दाराशी उभे राहत आणि परत येत. तिथला गोव्याचा वाढपी बिचारा म्हणे, "सायबा, ही निव्वळ भाजी." पण तोच चमचा शेजारच्या मासळीतून निघालेला मास्तरांनी पाहिलेला. वरच्या डेकवर थंड फराळाचं टेबल होतं. तिथे ज्या सुरीने पाव कापत, तिनेच मांसाचे काप काढत. मग राहिली आमची खोली. तिथे आईने दिलेल्या दशम्या होत्या, त्यांना तिसऱ्या दिवशी बुरशी आली. मी म्हटलं, "मास्तर, डोळे मिटून खा. इथे कोण बघतंय?"

"मीच बघतोय ना," ते म्हणाले. "रोज तीन ठिकाणी जायचं, रोज तीन ठिकाणांहून परत यायचं. जेवणापेक्षा हे ठरवण्यानेच दमलोय हो."

मी मात्र खालच्या भोजनगृहात बसून सगळं खात होतो. सातव्या दिवशी मास्तर जिन्यात चक्कर येऊन बसले. मी त्यांना धरून मोकळ्या हवेत नेलं, तर बोटीच्या मागच्या बाजूने जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. मास्तर उठले आणि वासामागे चालू लागले. खलाशांची चूल होती ती. चुलीपुढे दाढीवाला, लुंगी नेसलेला एक माणूस. मालेगावचा विणकर. माग बसले म्हणून बोटीवर स्वयंपाकाला लागलेला. त्याचं नाव रहीमभाई.

"नाशिकचे? गंगेवरचे?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "बैठो मास्तरसाब, बैठो. आपल्या गावचे झाले तुम्ही."

मास्तरांनी आईला दिलेला शब्द त्याला सरळ सांगून टाकला. रहीमभाई रागावला नाही. आत जाऊन त्याने एक कोरं पातेलं आणलं. "हे तुमचं. मार्सेलपर्यंत याच्यात गोश्त नाही जाणार. जुबान देतो." त्या दिवसापासून मास्तर रोज दुपारी दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून मुगाची खिचडी खात. तिथे मात्र ते उभे राहत नसत, गेल्या गेल्या बसत. मीही त्यांच्याबरोबर बसू लागलो. त्याच पातेल्यातलं, रोज, तांबड्या समुद्रातल्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हातसुद्धा.

वर्षाने परत आलो. तोवर समुद्र ओलांडल्याचं फारसं कोणी मनावर घेत नसे. पण दादाच्या ओसरीवर गंगेवरची चार वडीलधारी मंडळी जमली आणि विचारलं, "बोटीवर जेवलात कुठे?" त्यांनाही हे प्रकरण वाढवायचं नव्हतं. एक सोयीचं उत्तर मिळालं की पुरे होतं. आधी मला विचारलं. मी म्हणालो, "फळं, दूध, आणि स्टोव्हवर शिजवलेला भात." माना हलल्या.

मास्तर म्हणाले, "चार दिवस उपास. पुढे मालेगावच्या रहीमभाईंची खिचडी."

"आणि हे?" माझ्याकडे बोट.

"त्यांचं त्यांनी सांगितलंच की."

दादाने त्यांना आत नेलं. तो वाईट माणूस नव्हता. मला ओसरीवर सगळं ऐकू येत होतं. "नरू, तुझं पोट शाळेवर चालतं, माझं यजमानांवर. नुसतं फळं म्हण. कोण मालेगावला जाऊन विचारणार आहे?"

"म्हटलं असतं, दादा. पण एकदा म्हटलं की जन्मभर सांभाळत बसावं लागेल. तेवढा दम नाही माझ्यात."

"पातेलं वेगळं होतं ना रे?" हा आईचा आवाज. "मग झालं." पण तिच्या म्हणण्याने काही होणार नव्हतं. आठ दिवसांत मास्तरांनी शाळेजवळ खोली घेतली आणि खानावळ लावली. मंडळी उठून गेल्यावर मी त्यांना म्हणालो होतो, "मास्तर, मी परत जाऊन खरं सांगतो." ते म्हणाले, "कशाला? एक दमला तेवढं पुरे." आणि मी ते ऐकलं. किती आनंदाने ऐकलं, याची मला अजून लाज वाटते.

तीनेक वर्षांनी मास्तरांची आई गेली. मास्तर घाटावर आले, खांदा दिला. पण तेराव्याच्या पंगतीला ते असतील तर आम्ही बसणार नाही, असं ब्राह्मणांनी कळवलं, आणि दादाने मान खाली घातली. मला मात्र बोलावणं होतं. मी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेलो. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी समोर बसलो. मग त्यांनी विचारलं, "काल काय काय होतं पानात?"

मी सांगत गेलो. वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, खीर. डोळे मिटून ते ऐकत होते.

"खिरीत वेलदोडा होता?"

"होता."

"आईला वेलदोडा चालत नसे," ते म्हणाले. "दादा विसरला असेल. किती बघेल एकटा." थोड्या वेळाने डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पोटभर जेवलात ना?"

मी हो म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.