नजरबट्टू

नवं घर बांधलं की आमच्या हिंदी-मराठी मिसळलेल्या बालाघाटात त्यावर नजरबट्टू टांगतात. वटारलेले डोळे, लोंबती जीभ, राक्षसाचं काळं तोंड. घराला दृष्ट लागू नये म्हणून. भावाच्या नव्या घरावर त्या जागी मी काढलेलं आईचं चित्र टांगलेलं दिसलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आईच्या चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे वण आहेत. कुणाच्याही लग्नाच्या फोटोत ती मागच्या रांगेत, पदर गालावर ओढून. माझ्या लग्नातसुद्धा. मला राग यायचा आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही.

नागपूरला चित्रकला शिकायला गेले, तेव्हा वर्गात शंभरेक वर्षांपूर्वीची युरोपातली चित्रं दाखवली. कुणी बाईचा चेहरा हिरवा रंगवलेला, कुणी नाक बाजूने आणि डोळे समोरून काढलेले. चित्र छान दिसलंच पाहिजे ही अटच त्या लोकांनी धुडकावून लावली होती. वर्ग खिदळत होता. मला मात्र बसवेना. गोरंगोमटं तेच सुंदर हे ठरवलं कुणी, हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो अजून निघालेला नाही. आता मी बालाघाटातल्याच एका शाळेत पोरींकडून कमळं आणि मोर काढून घेते आणि घरी येऊन स्वतःवरच चिडते.

भावाने लालबर्रा रोडला घर बांधलं. हॉलमध्ये लावायला आईचा मोठा फोटो स्टुडिओतून करून आणला. त्यात एकही वण नव्हता. गाल गुळगुळीत, रंग चांगलाच उजळ. तो पाहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळा सुटली की कॅनव्हाससमोर उभी राहायचे. एक डोळा मोठा काढला, कारण आई एकाच डोळ्याने जास्त बघते असं मला नेहमी वाटतं. गाल हळदीसारखे पिवळे केले आणि वण गडद निळे, एकेक करून. पुसले, पुन्हा काढले. आईला हे आवडेल का, या विचाराने अन्न गोड लागेना.

वास्तूच्या आदल्या दिवशी चित्र नेऊन दिलं. भाऊ बघतच राहिला. "ये क्या बनाया तूने? पाहुणे येतीन, हसतीन ना लोक!"

आईने चित्राकडे पाहिलं. चष्मा पुसून तिने पुन्हा एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी न जेवताच परतले.

आणि दुसऱ्या दिवशी चित्र बाहेर, गच्चीच्या कठड्याला, लिंबू-मिरचीच्या शेजारी! आत हॉलमध्ये तो गुळगुळीत फोटो, हार घातलेल्या देवांच्या रांगेत. पाहुण्यांदेखतच मी भावावर तुटून पडले. तो बिचारा गोंधळला. आईच मध्ये आली.

"त्याच्यावर काहून चिडून राह्यली? मीच लावाले सांगतलं."

"आई, ते नजरबट्टू नाही! तू आहेस ते!"

"हौ, मले का दिसत नाही? माही माय म्हणे, देवीनं तुले पहिलेच तीट लावून देल्ली, तुले कोनाची नजर लागत नाही. अंदरची ते गोरी बाई काय राखन घर?"

मला हसू येईना आणि रडूही येईना. तिला सुंदर ठरवायला मी एवढी तडफडत होते, आणि तिने चित्राला सरळ कामाला लावलं होतं. ऊन-पावसात रंग उडतील, एवढंच मी पुटपुटले.

"उडन तं पुन्हा काढजो."

मग ती रस्त्यावर गेली, चित्राच्या बरोबर खाली उभी राहिली. गालावरचा पदर काढून तिने कमरेला खोचला.

"घे, काढ फोटो. पन मोबाईलचं ते गोरं करनारं बंद कर पहिले."