बातमीची फीत जिथे संपली

भिवंडीच्या स्टँडवर वज्रेश्वरीची एसटी लागली तेव्हाच उन्हानं माझं डोकं ठणकत होतं. खांद्याला टेपरेकॉर्डर, पिशवीत कॅसेटी. आमची संस्था महिन्याच्या बातम्या कॅसेटवर भरून पाड्यापाड्यांवर पाठवायची, आणि वाचायची मी. या खेपेला नव्या वनहक्क कायद्याची माहिती होती. लोकांना ती कितपत कळली, हे पाहायला मी दिघाशीकडच्या एका पाड्यावर निघाले होते. खरं सांगते, या फेऱ्यांचा मला वीट आला होता.

माझं लंगडणं पाहून कंडक्टर म्हणाला, "अकलोली ना, मावशी? गरम पाण्याच्या कुंडात दोन बुड्या मारा, गुडघे मोकळे."

"दिघाशी फाटा," मी म्हटलं. गाडीतले निम्मे लोक कुंडांनाच चालले होते. मला त्यांचा हेवा वाटला.

फाट्यापासून तासभर चालले. पाडा जवळजवळ रिकामा होता, माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. आधीच्या फेऱ्यांत ओळखीची झालेली जानी तेवढी घरी होती, म्हाताऱ्या सासऱ्यासाठी मागे राहिलेली. तिनं तांदळाची भाकर आणि जवळ्याची चटणी पुढे केली. तिची वरकस (डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन) दारातूनच दिसत होती.

"या जमिनीचा दावा भरलास ना गं?"

"न्हाय, ताई. तुमच्या क्याशेटीत सांगलाय ना, कागुद लागंल. आमच्याकडं कुठला कागुद? समद्या पाड्यानं तीनदा आयकली. मंग कोनीच भरला न्हाय."

हातातली भाकर मी खाली ठेवली. कागद नसला तर गावातल्या जाणत्या माणसाचा जबाबही पुरावा धरतात, हे मी स्वतः वाचलं होतं. टेप लावला. सुरुवातीचं संगीत, नमस्कार, संस्थेच्या अध्यक्षांचं मनोगत, व्यासपीठावरून दिल्यासारखं लांबलचक. मग कागदांची यादी. "आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांनी..." खट्. फितीची बाजू संपली. उलटून लावली, तरी पुढचं वाक्य कॅसेटवर आलंच नव्हतं, आणि पाठवण्याआधी मी ती ऐकली नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दावे कधीपर्यंत घेतात?"

"आजच शेवटची सभा हाय, दिघाशीला."

सासरा ओटीवरून ऐकत होता. "ता रान मीच फोडलाय," तो म्हणाला. "ही जन्मली बी नव्हती."

त्याला मधे धरून आम्ही उतरलो. दर शेताच्या बांधाला तो बसायचा, आणि मीही बसायचे. पंचायतीत वनहक्क समितीचे लोक दप्तर आवरत होते. सचिव कुरकुरला, पण त्यानं म्हाताऱ्याचा जबाब लिहून घेतला. अंगठा उठला, दावा फायलीत गेला.

"भट्टीवरच्या लोकांचं काय?" मी विचारलं.

"ते आल्यावर बघू," सचिव म्हणाला आणि त्यानं कपाटाला कुलूप लावलं. ते बघणं म्हणजे टाळणं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

फाट्यावर जानी सोडायला आली. चिडली नव्हती, त्याचाच मला जास्त त्रास झाला. एसटी दिसल्यावर म्हणाली, "ताई, आदी कामाचा सांगत जा. नमस्कार मंग घाला."

ठाण्याकडे परतताना भिवंडीच्या नारपोलीत कापडाचे लूम खडखडत होते. अंग मोडून आलं होतं, पण डोळा लागेना. पाड्यावरच्या ज्या घरांना कुलपं होती, ती मी डोळ्यांसमोर मोजत बसले. दुसऱ्या दिवशी भट्ट्यांवर पाठवायची कॅसेट भरायला बसले. संगीत काढलं, अध्यक्षांना काढलं. बटण दाबलं आणि पहिलंच वाक्य वाचलं: "ज्यांच्याकडे कागद नाही, त्यांनी आधी ऐका."