ओटीची साडी

आमच्या ऑफिसात नोकरीवर लागायच्या दिवशीच राजीनामा लिहून घ्यायची रीत आहे. वणीत कोळशाचे ट्रक चालवणाऱ्या शेठकडे मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी करते आहे, माझाही राजीनामा सगळ्यांच्या राजीनाम्यांच्या फाइलीत पडलेला आहे. 'घरगुती कारणाने स्वखुशीने नोकरी सोडत आहे,' खाली सही, फक्त तारखेची जागा कोरी. फाइल माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. नवीन माणूस बिचकला की मी म्हणते, "कर ना बापा सही. रीतच आहे इथली. म्या नाही का केली?"

ती लागली तेव्हाही हेच म्हटलं. लग्न होऊन वणीत आलेली, फुलसावंगीकडची पोरगी. काट्यावरून आलेली ट्रकांची वजनं मी रजिस्टरात लिहायची आणि ती माझं रजिस्टर बघून कॉम्प्युटरवर चढवायची. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "ताई, हा सात हाय का एक?" असं दिवसातून दहादा विचारायची आणि खिदळायची. डब्यातला ठेचा आधी मला, मग स्वतःला.

माझी लेक नागपूरला कंपनीत आहे. तिला दिवस गेले आणि सहा महिन्यांची पगारी रजा मंजूर झाली, तेव्हा मी ऑफिसभर सांगत सुटले. माझ्या पोटात काही राहतच नाही. ह्या पोरीलाही तेव्हा चौथा लागलेला. तिचा नवरा घरी बसलेला, चूल तिच्या एकटीच्या पगारावर पेटायची. तिनं हळूच विचारलं, "ताई, आपल्या इथं भेटते का वो अशी रजा?"

"काहून नाही भेटत? कायदा आहे. अर्ज टाक." मोठा आव आणून बोलले मी. लेकीची फुशारकी मारायच्या भरात होते, दुसरं काय!

सातव्या महिन्यात तिनं खरंच अर्ज टाकला. आता बोंब होईल असं वाटलं मला. पण शेठ गोड हसले. "अरे वा, लक्ष्मी येऊन राह्यली म्हणजे! ओटी भरा पोरीची, इथंच, ऑफिसात." साडी आणायला मलाच पाठवलं. हिरवी, मोरपिशी काठाची, मी स्वतः निवडली. माझ्या हातानं ओटी भरली. ड्रायव्हर लोकांनी लाडू हाणले, शेठच्या बाजूला उभं करून तिचा फोटो काढला. पोरगी रडायलाच लागली. "माह्या सासरीबी इतकं कोणी नाही केलं, ताई," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती बाळंतपणासाठी माहेरी गेली.

त्याच्या पुढच्या सोमवारी शेठनं आत बोलावलं. "खाणीचं काम कमी झालं, बाई. एक टेबल कमी करा लागते. तुमचं का तिचं, तुमीच सांगा."

मी कपाट उघडलं, तिचा राजीनामा काढला. त्यांनी सांगितलं, "तारीख ओटीच्या दिवसाची टाका. त्या दिवशी हजर होती ना ती. फोटो हाय आपल्याजवळ."

सतरा तारीख टाकली, शाई वाळू दिली, चिठ्ठी आत नेऊन दिली. खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. माझ्या बाळंतपणात सव्वा महिन्यातच मी ह्याच खुर्चीवर परत बसले होते, पदर दुधानं भिजायचा. मले कोणी विचारलं होतं? हिचेच एवढे लाड कायले? इतकी हलकट निघाले मी.

पंधरा दिवसांत तिच्या टेबलावर दुसरी पोरगी बसली, बिनलग्नाची, कमी पगाराची. काम कमी झालं होतं म्हणे! मीच त्या नवीन पोरीसमोर बिनतारखेचा राजीनामा ठेवला आणि मीच म्हटलं, "कर सही, रीतच आहे."

पगार जमा झाला नाही तेव्हा ती माहेराहून फोन करत राहिली. मी उचलले नाहीत. शेवटी लेकरू दोन महिन्यांचं झालं आणि ती ऑफिसात आली. कडेवर बाळ, अंगावर तीच हिरवी साडी, हातात पेढे. खुर्चीवर दुसरी बघून दारातच थांबली. शेठनं केबिनमधूनच राजीनाम्याची चिठ्ठी तिच्याकडे पाठवली. तिनं वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं, परत वाचली.

"हा सात तुमचा हाय, ताई," ती म्हणाली. ह्या वेळी विचारत नव्हती.

मी रजिस्टर उघडून खाली मान घातली. बाळ रडायला लागलं. तिनं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

दोन दिवसांनी तिचा नवरा माझ्या घरी आला. धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळलेली साडी दिली. "तुमच्या पोरीसाठी हाय म्हने. तिनं सांगतलं, पोरीची ओटी रिकामी राहू नोका देऊ." पाणीसुद्धा न घेता गेला.

लेक तेव्हा बाळंतीण, माझ्याकडेच होती, पगारी रजेवर. तिनंच पुडकं सोडलं. "आई! माझ्यासाठी घेतली? कित्ती सुंदर!" नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. "हो," मी म्हटलं.

नातवाच्या बारशाला ती तीच साडी नेसली. शेठ बायकोला घेऊन जेवायला आले होते. पाळण्याजवळ उभ्या माझ्या लेकीकडे बघून त्यांनी साडी ओळखली. मग माझ्याकडे बघून हसले. मीही हसले आणि त्यांच्या ताटात अजून एक पुरणपोळी वाढली.