कूपन खरं होतं

सरांनी अकरा जर्नलं टेबलावर मांडली. पत्ते मांडतात तशी, एकावर एक जराशी सरकवून. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात निळं कूपन. अकराही कूपनांवर एकच नंबर.

"अकरा जणांनी मिळून एक पुस्तक घेतलंय," सर म्हणाले. "सहकाराचा जिल्हा आहे आपला."

वर्ग हसला. मीपण हसलो. विनोद चांगला होता.

मग त्यांनी एकेका कूपनावरून अंगठा फिरवला. खऱ्या कूपनावर उठावाचा शिक्का असायचा, बोटाला लागायचा. दहा जर्नलं त्यांनी बाजूला सारली. अकराव्यावर अंगठा थांबला. त्यांनी नाव वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"उभा राहा."

राहिलो.

"पुस्तकपेढीचा ना तू?"

"हो सर."

"कूपन खरं आहे," ते वर्गाला म्हणाले. "म्हणजे चोरीचं आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. मीही नाही.

आता हे नीट सांगायला हवं. कारण यात माझा गाढवपणा पुरेपूर आहे आणि तो वगळला तर सरांवर अन्याय होईल. तिशी उलटल्यावर माणसाला एवढा मोठेपणा परवडतो.

सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. रसायनशास्त्र. गाव आष्ट्याजवळ, वडील लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. सर विभागप्रमुख, आणि आमचं प्रात्यक्षिकांचं पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेलं. दरवर्षी नवी आवृत्ती. नवी म्हणजे मुखपृष्ठाचा रंग बदलायचा. मागचा सरांचा फोटो तोच, त्यात ते माझ्याच वयाचे दिसायचे. शेवटच्या पानावर कूपन. ते कापायचं आणि जर्नलच्या पहिल्या पानावर चिकटवायचं. कूपन नाही तर जर्नलवर सही नाही. सही नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं नाही. कूपन एकदाच कापता येतं. म्हणजे थोरल्या भावाचं पुस्तक धाकट्याला चालत नाही, सेकंडहँडच्या दुकानातलंही चालत नाही. प्रत्येकानं कोरं पुस्तक घ्यायचं, मग वाचा नाहीतर उशाला घ्या.

गरजू मुलांसाठी कॉलेजात पुस्तकपेढी होती. वर्षभर पुस्तकं वापरायची, परीक्षा झाली की परत द्यायची. दोघांत एक संच. यादी वर्गात मोठ्यानं वाचली जायची. नुसती आडनावं ऐकून कुणीही एखाद्या गावाचा नकाशा काढला असता. हे गावकुसाबाहेरचे, हे मोहल्ल्यातले, हे पालावरचे. माझं आडनाव पहिल्या तुकडीत. पुस्तकांच्या कडांवर जांभळा शिक्का मारलेला, बाकावर ठेवलं की चार रांगांवरून दिसायचा.

माझ्या संचाचा भागीदार जुबेर. कुपवाडचा. त्याचे वडील गाद्या भरायचे. आज पुस्तक तू ने, उद्या मी, हा व्यवहार आठवडाभर टिकला. मग माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली. बाईंडरकडे गेलो आणि पुस्तक पाठीतून चिरून त्याचे दोन भाग केले. पहिला अर्धा मला, दुसरा जुबेरला. महिन्यानं अदलाबदल करायची. ती काही झाली नाही. परिणाम असा की टायट्रेशनला मी हुशार आणि जुबेर आंधळा, सेंद्रियला त्याच्या उलट. आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो की एक पूर्ण विद्यार्थी व्हायचा.

शेवटचं पान जुबेरच्या अर्ध्यात होतं. त्यावर कूपनाच्या जागी चौकोनी भोक. आधीच्या वर्षी ज्यांच्याकडे संच होता त्यांनी कापलेलं. जुबेर त्या भोकातून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "सरांचा बंगला दिसतोय बग."

संध्याकाळी मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायचो. तिथं रंगीत मशीन नवंच आलं होतं. आमच्या वर्गात विट्याचा प्रतीक होता. वडिलांचं कोइंबतूरला सोनं गाळायचं दुकान, पोरगा स्वभावानं सरळ. त्याच्याकडे कूपन मागितलं. "घे की, मला काय करायचंय," म्हणाला. दहा प्रती काढल्या. नऊ वाटायच्या, एक माझी, मूळ कूपन प्रतीकला परत. दहा डोक्यांपैकी एकातही नंबरचा विचार आला नाही. वर मशीनच्या काचेवरून मूळ कूपन उचलून मी थप्पीतच ठेवलं. प्रतीकच्या जर्नलवर गेली नक्कल. माझ्यावर अस्सल. अट्टल गुन्हेगार म्हणून माझी लायकी एवढी.

तर मी उभा होतो.

प्रतीक उठला. "सर, मीच दिलं होतं त्याला."

"तू बस," सर म्हणाले. "तुझं मन मोठं आहे. लोक फायदा घेतात."

अकरातले सहा होस्टेलवरचे. त्यांनी पुस्तकाचे घरून आणलेले पैसे हॉटेलात घातले होते. त्यांना सर म्हणाले, "उद्या पुस्तक घेऊन या. आणि मस्ती कमी करा जरा." असं म्हणताना गालात हसलेही. पोरं म्हणजे पोरंच. मग पुस्तकपेढीचे आम्ही चार उरलो. आम्हाला मात्र कागद लिहून द्यायला सांगितला. 'मी कूपन चोरलं. पुन्हा असं करणार नाही.' खाली नाव, सही. तो प्रयोगशाळेच्या बोर्डावर परीक्षेपर्यंत लावायचा. शिवाय पुस्तकही घ्यायचं. मुदत पुढच्या शनिवारपर्यंत.

जुबेर उभा राहिला. "सर, माझं तर खोटं हाय. खोटं कसं चोरायचं?"

"तोंड वर करून बोलतोस?" सर म्हणाले. "तुझ्या घरी कुणी वाचलंय का पुस्तक कधी?"

जुबेर खाली बसला. हसरा माणूस. त्या दिवशी वर्गात बसला तो शेवटचाच, नंतर कॉलेजात आला नाही.

मला सगळ्यात जास्त कशानं जाळलं सांगू? सरांचं चुकलं नव्हतं. कूपन माझं नव्हतंच. पण त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, तपासलं नाही. कडेचा जांभळा शिक्का आठवला आणि निकाल दिला. माझ्याकडे खरं काही असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी कदाचित विसरले असतील. मी विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

रविवारी गावी गेलो. आबा अंगणात क्लॅरिनेट पुसत बसले होते. सगळं सांगितलं.

"आवं आबा, चोरलं न्हाई मी."

"मग काय केलंस?"

"झेरॉक्स काढली."

"म्हंजे तेच की रं." त्यांनी क्लॅरिनेटच्या तोंडात फडकं घातलं. "लिव्हून दे. लय मोठी मानसं हायती ती. कागद कुजतो, शिक्षान ऱ्हातं."

"बोर्डावर लावणार हायती."

"लावू दे. आमी कोट घालून वरातीत नाचनाऱ्यांचं ऐकून घेतो. दारू पिऊन अंगावर येत्यात. तवा मी काय वाजवायचं थांबतो व्हय?"

ते रागानं बोलले नव्हते, दमून बोलले होते. मी ठरवलं, लिहून द्यायचं. खरंच ठरवलं. हे इथं लपवत नाही. बंडाची ठिणगी वगैरे काही पडली नाही. मी गपगुमान कागद आणला आणि सोमवारी ग्रंथालयात बसलो.

माफीनाम्यातही मला विषयाचं नाव आणि पेपरचा क्रमांक बरोबर लिहायचा होता. चोर असलो तरी नीटनेटका. म्हणून ग्रंथपालबाईंकडे विद्यापीठाचा अभ्यासक्रम मागितला.

"आजवर कुणी मागितला नाही," त्या म्हणाल्या आणि फडताळातून फाईल काढून दिली.

पेपरचा क्रमांक सापडला. त्याच पानाच्या खाली संदर्भग्रंथांची यादी होती. पाच पुस्तकं. मी बोट ठेवून वाचली. परत वाचली. सरांचं पुस्तक त्यात नव्हतं. कुठंच नव्हतं. कूपनाबद्दल तर चकार शब्द नाही. जर्नल पूर्ण असावं, विभागप्रमुखांची सही असावी, एवढंच.

"बाई, यातलं एखादं आपल्याकडं आहे?"

पाचातली दोन निघाली. जाड, चांगल्या कागदाची. मागचं तारखांचं पान कोरं. एकदाही कुणाला दिलेलं नाही. त्यात आमचे सगळे प्रयोग होते, टायट्रेशनही आणि सेंद्रियही. आम्ही पलीकडच्या इमारतीत पुस्तक चिरत होतो, भोकातून बघत होतो, आणि ही दोन इथं धूळ खात उभी होती.

 मग, नुसता मथळा लिहिलेला माफीनाम्याचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं. 'माझं जर्नल पूर्ण आहे. कूपनाची रंगीत झेरॉक्स मी काढली, ते मला मान्य आहे. चोरी मी केलेली नाही. जर्नलवर कूपन लावायचा नियम कुठे आहे ते लेखी द्यावं.'

पेढीतल्या बाकी तिघांच्या सह्या घ्यायच्या होत्या. दोघांनी माफीनामे आधीच देऊन टाकले होते. राहिला जुबेर. मी कुपवाडला गेलो. एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या शेडमध्ये तो तोंडाला फडकं बांधून पत्रे टांगत होता. भुवया पिवळ्याधमक.

"कवापासून?"

"गुरुवारपासून. बरं हाय. हितं कूपन लागत न्हाई."

मी कागद दाखवला. त्यानं उभ्या उभ्या पूर्ण वाचला. वाचताना हात मागं धरले होते, कागदाला पावडर लागू नये म्हणून.

"झ्याक लिव्हलंयस," तो म्हणाला. "पर मला यातनं काढ, गड्या. अब्बांचं नाव घेतलं त्यानं. आता परत त्या वर्गात बसलो तर रोज त्येच ऐकू येईल."

"परीक्षा दे नुसती."

"तू दे. दोघांची दे." मग गाडीच्या डिकीतून त्यानं त्याचा अर्धा भाग काढून दिला. "हे पेढीत जमा कर. न्हाईतर तुझं नाव अजून खराब हुईल."

त्याच्या जर्नलवर ते खोटं कूपन मी माझ्या हातानं चिकटवलं होतं. खळ जास्त झाली म्हणून तो मला हसलाही होता. सरांच्या हिशेबात काय जमा होतं ते सरांना माहीत. माझ्या नावावर हे आहे.

शनिवारी मी कागद घेऊन गेलो. सरांनी वाचला.

"कुणी लिहून दिलं हे तुला?"

"मीच लिहिलंय, सर."

"असलं लेखी काही मिळत नसतं."

"मग मीपण लेखी काही देणार नाही."

आवाज चढवला नव्हता. चढवता येतही नव्हता. पण वाक्य बाहेर पडलं आणि परत आत आलं नाही.

पुढे काय झालं? सिनेमातलं काही नाही. मी रोज जर्नल घेऊन विभागाच्या दारात उभा राहायचो. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सरांनी न बघता सही केली आणि अंतर्गत गुण पास होण्यापुरते दिले. एकही जास्त नाही. दोघांचे माफीनामे परीक्षेपर्यंत बोर्डावर होते. परीक्षेच्या यादीत जुबेरचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती आली, हिरव्या रंगात. कूपनासकट.

आज मी साताऱ्यात एका कॉलेजात शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नवं पत्र निघालं तर मास्तर, नाहीतर बेकार. तोच विषय, तीच प्रात्यक्षिकं. गेल्या महिन्यात एका प्रकाशकाचा माणूस आला. पिशवीत नमुना प्रत. आता कूपन नाही, मागच्या पानावर खरवडायचा कोड असतो. मुलांनी तो मोबाईलवर टाकला की त्यांचा ऑनलाईन गृहपाठ उघडतो.

"तिसरे लेखक म्हणून तुमचं नाव टाकू सर," तो म्हणाला. "काही लिहायचं नाही. फक्त वर्गात हेच पुस्तक सांगायचं."

मला हसू आलं. ज्यानं आयुष्यात पुस्तक फक्त चिरलं आणि कूपनाची झेरॉक्स काढली, तो लेखक होणार होता.

तो गेल्यावर विभागप्रमुख मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. बाई वाईट नाहीत. "सगळीकडे हेच आहे हो," म्हणाल्या. "यंदाच्या पुस्तकांच्या यादीत हे घातलंय, सही करून टाका. तुमचं यंदाचं पत्र अजून निघायचंय, माहितीय ना?"

माहितीय. बायको रोज विचारते.

यादी दोन दिवस माझ्याकडे होती. कबूल करतो, पहिल्या दिवशी पेन उघडलं होतं. टोपण काढलं, बसवलं. मग कपाटातून ती दोन अर्धी काढली. पेढीत मी ती कधी जमा केलीच नाहीत, दंड भरला. हा एक गुन्हा मात्र खरा. जुबेरच्या अर्ध्यातलं ते भोक तसंच आहे. त्यातून टेबलावरच्या यादीचा चौकोन दिसला. माझ्या सहीची जागा बरोबर त्यात बसत होती.

यादी सही न करता परत दिली. त्यासोबत अभ्यासक्रमातल्या संदर्भग्रंथांचं पान जोडलं आणि खाली लिहिलं, यांच्या प्रती ग्रंथालयात मागवाव्यात. मॅडमनी कागद घेतला आणि फाईलला लावला.

परवा पहिला तास घेतला. पत्र अजून आलेलं नाही, तरी घेतला. फळ्यावर लिहिलं: जर्नल स्वतःच्या अक्षरात पूर्ण असेल तर सही होईल. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, पुस्तक कुठलं आणायचं?"

"कुठलंही. जुनं, फाटकं, अर्धं. नसलं तर ग्रंथालयात माझ्या नावावर घे."

पत्र निघेल किंवा निघणार नाही. निघालं नाही तर झेरॉक्सचं मशीन चालवता येतं मला, नंबर बघून. पण माझ्या सहीसाठी कुणाच्या पोराला कडेचा शिक्का लपवावा लागणार नाही. ती दोन अर्धी मी शिवून घेतलेली नाहीत. घेणारही नाही. चिरलेली तशीच टेबलावर ठेवलीयत, येणाऱ्या प्रत्येक एजंटला दिसतील अशी.